जुन्या मापाचा फोर्क

८ सप्टेंबर, तंजावूर

अहो,

नमस्कार. पायांवर डोकं ठेवते असं लिहायचा रिवाज आहे, पण तुमचे पाय सध्या चेन्नईला तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि मी इथे दुकानात, तेव्हा नुसता नमस्कार घ्या.

फोन का करत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलायला लागले की मुरली फोन स्पीकरवर टाकतो. मग सून ऐकते, सुनेची आई ऐकते, आणि तुम्ही मागून फक्त खाकरता. म्हणून हे देवनागरीत. भजनमठात आपण दोघं ही अक्षरं शिकलो, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. आपल्या मुलाला ती वाचता येत नाहीत, सुनेचा तर प्रश्नच नाही. म्हणजे हे तुम्ही एकट्यानेच वाचायचं, आणि उत्तर आलं नाही तर तेही तुम्ही एकट्यानेच दिलं नाही असं मी धरून चालेन.

"डॉक्टरांना मनगट दाखवून येते" म्हणून पंचवीस ऑगस्टला मी चेन्नईहून निघाले ती परत आले नाही, यावर तुम्ही रागावला आहात. रागवा. मनगट दाखवलं हे मात्र खरं. आतली धातूची पट्टी नीट बसली आहे, हाड सांधलं आहे. डॉक्टर म्हणाले, सगळं करा, फक्त हादरे नकोत. मी विचारलं, सायकल? ते म्हणाले, रस्ता कसा आहे? मी दुसराच विषय काढला. कालव्याकाठच्या रस्त्याचं खरं वर्णन केलं असतं तर त्यांनी तिथेच पुन्हा प्लास्टर घातलं असतं.

काल मुरलीचा फोन आला. "अम्मा, पोरुम्, पुरे आतां. अप्पा मणतात तें ऐक. ऑक्टोबर बारा तारखेस आम्ही व्हॅन घेऊन येतों. मशिनी चढवूं, चावी मालकास देऊं, आणि तूं आमच्यासंगें ये." आणि मागून तुमचा आवाज: "कात्री धरायास माणूस नाहीं, दुकान कसें चालवणार ती?" मला ऐकू यावं म्हणूनच म्हणालात. आलं ऐकू.

आता माझं ऐका. राजवाड्यामागच्या या गल्लीत ब्लाउज शिवायला कोणी आपणहून येत नाही. आपलं गिऱ्हाईक ओरत्तनाडुच्या बाजूला, कालव्याकाठच्या सहा गावांत आहे. अकरा ते तीन बायका घरी असतात, तेव्हा दारात जाऊन माप घ्यायचं आणि दारातच ब्लाउज द्यायचा. तीस वर्षं ही फेरी मीच करते आहे. बस मोठ्या रस्त्यावरून जाते आणि तीही सकाळी एक, संध्याकाळी एक. फेरी सायकलवरच होते. फेरी आहे तर दुकान आहे.

तेव्हा असं ठरवते. दीपावली वीसला, तुम्ही येणार बाराला. त्याआधी एका दिवसात सहाही गावांची फेरी मी सायकलवर केली, तर मी इथून हलणार नाही. नाही झाली तर मशिनीला दोरी मी स्वतः बांधीन आणि व्हॅनमध्ये पुढे बसून येईन, तोंडातून शब्द काढणार नाही. मी आजवर शब्द मोडला असेल तर सांगा.

सायकल मुरलीची कॉलेजातली, तीच, मे महिन्यात खड्ड्यात जिच्यावरून पडले. पुढचं चाक ज्या दुहेरी पायांत बसतं तो तिचा फोर्क नुसता लोखंडी आहे, रस्त्यावरचा खडा न् खडा मनगटाला कळवतो. समोरच्या हरिताने, ती कॉलेजात शिकवते तीच, फोनवर दाखवलं, स्प्रिंगचा फोर्क मिळतो. खड्डा आला की तो खाली बसतो आणि हात वाचतो. असले फोर्क मोठमोठ्या किमतीचे असतात. मी यादीतला सगळ्यांत खालचा मागवला.

तारा

१७ सप्टेंबर

अहो,

उत्तर नाही. ठीक.

फोर्क आला. काळा, जड, वर पांढऱ्या अक्षरांत कसलंसं इंग्रजी नाव. हरिता म्हणाली, "अक्का, वेडें लागलें काय तुम्हांस? हात मोडून चार महिने झाले नाहींत, आणि सायकल मणतां!" पण खोकं तिनेच उघडलं.

घेऊन कीळवासलला सायकलवाल्या रमणकडे गेले. रमणला तुम्ही ओळखता, त्याच्या मुलीच्या लग्नाचे सगळे ब्लाउज आपण शिवले. त्याने फोर्क हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाला, "अक्का, स्वस्तातला आहे, पण वाईट नाही. मात्र याची वरची नळी लांब येते. ती तुमच्या सायकलच्या मापाने कापावी लागेल. मला दोन दिवस कुंभकोणमला जायचंय. मी येईपर्यंत हात लावू नका, कापायचं काम माझ्यावर सोडा."

कापायचं काम माझ्यावर सोडा. अडतीस वर्षं मी हेच ऐकते आहे. तुम्ही कापायचं, मी शिवायचं. तुम्ही कात्री ठेवून जेवायला उठलात तरी ती मी बाजूला सरकवायची नाही. तुमच्या वडिलांकडे असंच होतं म्हणून आपल्याकडेही असंच. चेन्नईहून परतल्यापासून सगळं मीच कापते आहे, आणि अजून एकही ब्लाउज परत आलेला नाही.

त्याच्या दुकानात त्याचा भाऊ होता. मी त्याला म्हटलं, करवत कुठे आहे?

पुढचं पुढच्या पत्रात.

तारा

१९ सप्टेंबर

कापला.

आधी जुना फोर्क काढला. हँडल सैल केलं, वरची चकती फिरवली, फोर्क खाली ओढला, बेअरिंगच्या गोळ्या फरशीवर सांडल्या त्या मोजून वाटीत ठेवल्या. मग जे आपण जन्मभर करतो तेच केलं. बाई नवीन कापड आणते तेव्हा तिच्याकडून काय मागतो? मापाचा जुना ब्लाउज. तो कापडावर पसरायचा, खडूने आखायचं, कापायचं. मी जुना फोर्क नव्याशेजारी झोपवला, जुन्याची नळी जिथे संपते तिथे नव्यावर खडूने रेघ मारली. खडू आपलाच. दोनदा टेप लावला. शिकंज्यात धरून करवत चालवली, उजव्याच हाताने, थांबत थांबत. पाऊण तास लागला. रमणचा भाऊ म्हणाला, बाजारातसुद्धा इतकं सरळ कापत नाहीत. मला बरं वाटलं. का खोटं बोलू, खूपच बरं वाटलं.

आज रमण आला. मी कापलेली नळी पाहून तो स्टुलावर बसला.

"अक्का," तो म्हणाला, "जुन्या फोर्कात हँडल नळीच्या आत शिरतं. नव्यात ते नळीला बाहेरून पकडतं. पकडायला वर दोन बोटं नळी शिल्लक लागते. तुम्ही तीच कापून टाकली."

माप चुकलं नव्हतं हो. माप चोख होतं. जुन्याचं होतं, एवढंच. कापड असतं तर कुठे तरी जोड देऊन निभावलं असतं. मी म्हटलं, वेल्डिंग करून तुकडा जोड. तो म्हणाला, अक्का, खड्ड्यात तो जोड सुटला तर हँडल तुमच्या हातात राहील आणि सायकल पुढे जाईल. मग मीच नको म्हटलं.

घरी आले आणि पुढे दुकानाच्या खोलीत, आपल्या मशिनींमध्ये खाली बसून रडले. हे मुरलीला सांगू नका. सांगाल कसं म्हणा, तुम्ही तर माझ्याशी बोलत नाही.

पण तुम्हाला हे लिहिते आहे ते रडगाणं गायला नाही. लिहिते आहे कारण अडतीस वर्षांत आपल्या दुकानात हे वाक्य कुणी उच्चारलं नाही, ते मी आज उच्चारते: मी चुकीचं कापलं. बघा, छप्पर काही पडलं नाही.

तारा

२८ सप्टेंबर

अहो,

हरिता विचारत होती, अण्णांचं पत्र आलं का. मी म्हटलं, येईल, त्यांना अक्षर चांगलं काढायची सवय आहे, वेळ लागतो.

आता ऐका. चुकलेला ब्लाउज आपण कधी टाकला आहे का? मोठीचा चुकला की धाकटीला बेततो. तीन दिवस मी दुकानात हातशिवण करत बसले होते आणि चौथ्या दिवशी ते डोक्यात आलं. नळी मुरलीच्या सायकलला आखूड आहे. पण सगळ्याच सायकली काही मुरलीएवढ्या उंच नसतात.

तशीच उठून रमणकडे गेले. त्याच्या मागच्या अंगणात मोडक्या सायकलींचा ढीग आहे, त्यात टेप घेऊन शिरले. हसू नका. ज्या उभ्या नळीतून फोर्क वर येतो, तिचं माप सगळ्या सांगाड्यांवर घेतलं. अकरावा सांगाडा बसला. शाळकरी मुलीची सायकल असावी, जांभळी, त्यावर अजून कुणाच्या तरी नावाचा स्टिकर आहे. फोर्क घातला, वरून हँडलची पकड ठेवली, मधे एक पातळ कडं घालावं लागलं. रमणने चावीने आवळलं, हँडल डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "अक्का, हा याच्यासाठीच कापला होता असं वाटतं." चाकं आणि ब्रेक मुरलीच्या सायकलचेच चढवले. त्या सायकलचा सांगाडा मी रमणला देऊन टाकला. मुरलीला विचारलं नाही. ती सायकल तो तेरा वर्षांपूर्वी तुळशीमागे टाकून गेला तेव्हा त्यानेही मला विचारलं नव्हतं की ही इथे अडचण करते का.

आणि आता एक गोष्ट, जी डॉक्टरला, मुरलीला, कोणालाच सांगितली नाही.

मे महिन्यात मी पडले ते खड्ड्यामुळे नाही. खड्डा वगैरे काही नव्हता. कालव्यावर शेळ्या आडव्या आल्या, मी ब्रेक दाबला, पाय टेकायला गेले आणि पाय जमिनीला पोचलाच नाही. उभ्या सायकलवरून झाडासारखी पडले. ती सायकल मला उंच होती. तुम्ही दहा वर्षं तेच सांगत होता, आणि तुम्ही सांगत होता म्हणूनच मी खड्डा म्हटलं.

जांभळीवर दोन्ही पाय टेकतात.

तारा

५ ऑक्टोबर

अहो,

काल फेरीला निघाले. तिसऱ्या गावातून परत आले.

मनगट पावासारखं सुजलं आहे. फोर्क नवीन, स्प्रिंग नवीन, पण तो खाली बसतच नाही. काठीवर बसून गेल्यासारखं. हरिताने रात्रभर कसले व्हिडिओ पाहिले कोण जाणे, सकाळी येऊन म्हणाली, "अक्का, हा फोर्क ऐंशी किलोच्या गड्यास केला आहे. तुम्ही किती, अठ्ठेचाळीस? तुमचें वजन त्यास कळतच नाहीं." माझ्या वजनावरून तुम्ही म्हणायचात तेच झालं, बाईमाणूस बसलंय हेच कळत नाही.

सात दिवस उरले आहेत. मी शब्द दिला आहे आणि तो पाळायची वेळ येते की काय, असं आज पहिल्यांदा वाटलं. चेन्नईच्या त्या खोलीत मला काय वाटायचं ते सांगते. सून चांगली आहे, तक्रार नाही. पण सकाळी उठून हातांनी काय करायचं हे तिथे मला ठाऊक नसायचं. अडुसष्ट दिवस मी दुसऱ्यांच्या घड्या केलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या केल्या. तिथे गेले तर मी जगेन, आजारीसुद्धा पडणार नाही, पण ती बाई कुणीतरी दुसरीच असेल.

तर आज रविवार असून रमणला दुकान उघडायला लावलं. फोर्कच्या दोन्ही पायांची वरची टोपणं काढली. आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या पोटात रबराचा लांब दांडा. तोच सगळा ताठपणा करतो. रमण म्हणाला, अर्धा करून टाकू. मी म्हटलं, थांब. एकदा कापून बसले आहे मी. आता ट्रायलशिवाय काही कापणार नाही.

फोर्कच्या चकचकीत पायाला तांबडा दोरा बांधला, खालच्या जाड नळीला टेकवून. सायकलवर बसले, उतरले. फोर्क जेवढा खाली बसेल तेवढा दोरा वर सरकतो. दोरा जिथल्या तिथे. दोन्ही बाजूंचे रबर नखभर कापले, भरपूर ग्रीस भरलं, पुन्हा बसले. दोरा जेमतेम हलला. पुन्हा नखभर. रमण कंटाळून चहा प्यायला गेला. पाचव्या खेपेला दोरा एक बोट वर सरकला. हरिताच्या व्हिडिओत एवढाच सांगितला आहे. सहाव्यांदा कापायचा मोह झाला, पण कात्री कुठे थांबवायची हे कळणं म्हणजेच कापणं, हे तुम्हीच मुरलीला सांगायचात. तो ऐकत नसे. मी मशिनीवरून ऐकत असे.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

दोन वर्षं झाली, तुमचा हात थरथरतो. बाहीचा मुंडा अर्धा इंच आत जायचा, गळा एका बाजूला उतरायचा. तुम्ही दुपारी झोपलात की मी ते उसवून, शिवण बारीक घेऊन, कुठे पट्टी लावून सारखं करत असे. एकाही बाईला कळलं नाही. मला वाटायचं तुम्हालाही कळत नाही. पण चैत्रात तुम्ही एक ब्लाउज उलटा करून आतली शिवण बराच वेळ पाहिलीत आणि तशीच घडी घातलीत. त्यानंतर महिन्याने मी पडले, आणि तुम्ही मुरलीला म्हणालात, हिच्या हातासाठी दुकान बंद करूं.

माझ्या हातासाठी नाही हो. तुमच्या हातासाठी.

मी हे कधीच बोलले नसते. मी नळी कापली नसती तर मला कळलंच नसतं की चुकीचं कापलं की किती लाज वाटते, आणि ती रोज वाटत असेल तर माणूस गाव सोडून तिसऱ्या मजल्यावर का जाऊन बसतो. तुमच्यावर मी दोन महिने नुसती चिडले होते. अजूनही चिडले आहे, पण आता त्यात थोडी आठवणही येते. दुकान तुमच्याशिवाय ओकंबोकं वाटतं. लिहिलं, झालं.

पण म्हणून मी चेन्नईला येणार नाही. लाज तुमची आहे, तिच्यासाठी माझं मशीन व्हॅनमध्ये चढणार नाही.

तारा

१२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी आठ

अहो,

हे पत्र पोस्टाने आलं नाही, हरिताने तुमच्या हातात दिलं आहे, म्हणजे तुम्ही दारात उभे आहात आणि मुरली व्हॅन वळवायला जागा शोधतो आहे. मी घरी नाही. फेरीवर आहे.

शुक्रवारी सहाही गावं झाली. नऊला निघाले, चारला दुकानात. एकोणतीस ब्लाउजांचं माप आलं आहे. शेवटच्या गावात कालव्याची कडा खचली आहे, तिथे फोर्क एवढा दबला की मला वाटलं संपलं, आणि मग तो आपोआप वर आला. मनगटाला फक्त एवढं कळलं की काहीतरी होऊन गेलं. रात्री गरम पाण्याने शेकलं, शनिवारी सूज नव्हती. हरिताला विचारा, तिने पाहिलं आहे. मी माझा शब्द पुरा केला, म्हणजे आता मी हलणार नाही. मुरलीला हे तुम्ही सांगा. माझ्यापेक्षा तुमचं तो लवकर ऐकतो, ती माझ्यावरची मेहरबानी समजा.

मी मुद्दामच घरी थांबले नाही. समोर असते तर भांडण झालं असतं, शेजारी जमले असते, आणि तुम्ही मुरलीदेखत जे बोलून बसला असता ते तुम्हाला मागे घेता आलं नसतं. शिवाय दीपावलीला आठ दिवस उरले आहेत, मला खरोखरच वेळ नाही.

चूल झाकलेली आहे, आंबट वरण आणि भात केला आहे, तिघांना पुरेल. जेवून घ्या. सुनेला डब्यात न्या, ती आली नसेल तर.

मग काय करायचं ते करा. तुमचं मशीन न्यायचं असेल तर न्या, ते तुमच्या वडिलांनी घेतलेलं आहे, माझा त्यावर हक्क नाही. माझं राहू द्या. चावी मालकाला देऊ नका. मी त्याला काल भेटून आले, वर्षभर मी आहे हे त्याला सांगितलं आहे.

आणि टेबलावर हिरवं रेशमी कापड पसरलं आहे. ते हरिताचं आहे. तिला सगळं सांगून, विचारून ठेवलं आहे, ती म्हणाली, "अण्णांनींच कापावें, किती का वेळ लागेना." खडूने आखलं आहे. चारही बाजूंना नेहमीपेक्षा पाऊण इंच जास्त सोडला आहे. हात थरथरला तर थरथरू दे, त्यात मावेल. शिवण मी घेईन, आणि या वेळी तुम्ही झोपल्यावर नाही, तुमच्यासमोर बसून घेईन.

मी पाचला येते. तोवर नाही कापलंत, तर आल्यावर मी कापीन.

तारा